आनंदीबाई आणि कोल्हापूरचे रुग्णालय

कोल्हापूर शहरात छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. गावातील जुनी माणसे त्याला ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. पंचगंगेच्या खोऱ्यातून, पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांतून आणि गगनबावड्याच्या डोंगराळ मुलखातून रोज शेकडो माणसे येथे येतात. कडेवर मूल घेतलेल्या आया असतात, दिवस भरत आलेल्या लेकी-सुना असतात आणि त्यांच्याबरोबर हातात पिशवी धरून आलेल्या वडीलधाऱ्या बायकाही असतात. आपल्याला तपासणारी डॉक्टर स्त्री आहे की पुरुष, असा विचार आज त्यांच्यांपैकी फारशा कोणाच्या मनात येत नाही. डॉक्टरीणबाई दवाखान्यात असायच्याच, हे आता सर्वांनी गृहीत धरले आहे.

परंतु एके काळी ही गोष्ट गृहीत धरण्याजोगी नव्हती. इंग्रजी अमलात या रुग्णालयाला ‘ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालय’ असे नाव होते. इ. स. १८८६ मध्ये तेथील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून कोल्हापूर दरबारने एका एकवीस वर्षांच्या मराठी स्त्रीची नेमणूक केली. त्या वेळी ती स्त्री सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत होती. नेमणूक स्वीकारून ती मायदेशी परतली. पण कोल्हापूरच्या रुग्णालयाची पायरी चढणे तिच्या नशिबी नव्हते. ती स्त्री म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांचे चरित्र अनेकांना ठाऊक आहे. मात्र त्या चरित्राचा आरंभ आणि शेवट या दोहोंशी कोल्हापूरचा संबंध कसा आला, आणि एका डॉक्टरीणबाईची नेमणूक ही साऱ्या समाजाच्या आरोग्याच्या दृष्टीने एवढी महत्त्वाची का होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेच या पाठात पाहावयाचे आहे.

त्या काळी आपल्याकडील स्त्रिया आजारपणात काय सोसत, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. घरंदाज कुटुंबातील स्त्री परपुरुषासमोर येत नसे. मग पुरुष डॉक्टरकडून नाडी पाहून घेणे किंवा अंगाचे दुखणे त्याला सांगणे दूरच राहिले. दुखणे अंगावर काढावे, घरातील थोरामोठ्यांनी सांगितलेला काढा घ्यावा आणि देवावर हवाला ठेवावा, एवढेच तिच्या हाती असे. शहरांत सरकारी दवाखाने निघाले होते, तेथे औषधे होती, शिकलेले डॉक्टरही होते. परंतु दवाखान्याचे दार उघडे असून निम्म्या समाजाला ते बंद असल्यासारखेच होते.

बाळंतपणाची स्थिती तर याहून बिकट होती. बाळंतिणीला बहुधा घरातील अंधाऱ्या, कोंदट खोलीत ठेवीत. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद करीत आणि शेगडीचा धूर आतल्या आत कोंडत असे. गावची सुईण अनुभवी असे, मायाळूही असे. पण हात आणि हत्यारे स्वच्छ का ठेवावीत, हे तिला कोणी सांगितलेले नसे. घरातल्या विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापली जाई. त्यावाटे रोगजंतू आत शिरत आणि चार-आठ दिवसांचे मूल धनुर्वाताने दगावे. लोक म्हणत, ‘सटवाईने कपाळी लिहिले तेवढेच आयुष्य.’ बाळंतिणीला ताप भरे आणि तीही जाई. वास्तविक हे मरण टाळता येण्याजोगे होते. व्हिएन्ना शहरातील सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने इ. स. १८४७ मध्येच दाखवून दिले होते, की प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या जंतुनाशक पाण्याने हात धुतले, तर बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने कमी होतात. पुढे १८६७ मध्ये लिस्टर या इंग्रज शस्त्रवैद्याने जखमा निर्जंतुक राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ज्ञान असे जन्माला आले होते. पण ते ज्ञान आणि आपल्याकडची बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये एक भिंत उभी होती. त्या खोलीत पुरुष डॉक्टरला प्रवेश नव्हता आणि स्त्री डॉक्टर अस्तित्वातच नव्हती. ही भिंत ओलांडील अशी व्यक्ती त्या घरांतूनच यावयास हवी होती.

अशी व्यक्ती ३१ मार्च १८६५ रोजी जन्मास आली. कल्याणच्या जोशी घराण्यातील या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. वयाने ते पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते, आणि आपल्या पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. ज्या काळी स्त्रीने हाती पुस्तक धरले तर नवऱ्याचे आयुष्य घटते असे समजत, त्या काळी हा हट्ट विलक्षणच म्हटला पाहिजे. मात्र सत्य सांगावयाचे तर तो पुष्कळदा जाचाचाही होई. अभ्यासात कसूर झाली की गोपाळराव संतापत, मारहाणही करीत. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी या गोष्टी स्पष्टपणे बोलून दाखविल्या आहेत. पतीचे उपकार त्यांनी कधी नाकारले नाहीत; पण सोसलेले दुःखही लपविले नाही. हा सरळपणा त्यांच्या स्वभावाचा विशेष होता.

आनंदीबाई जेमतेम चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि ते मूल दहाच दिवसांत गेले. असे दुःख त्या काळी घरोघरी होते. बायका रडत, डोळे पुशीत आणि पुन्हा चुलीपुढे बसत. आनंदीबाईंनाही रडू आलेच असेल. परंतु त्यांच्या मनात एक प्रश्न रुतून बसला. वेळीच योग्य उपचार झाले असते, तर हे मूल वाचले नसते काय? आणि असे उपचार करणारी एखादी स्त्री आपल्या देशात का असू नये? एका आईचे दुःख असे एका मोठ्या कार्याचे बीज झाले.

गोपाळरावांची नोकरी बदलीची होती. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला. यांपैकी कोल्हापूरचा मुक्काम आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तेथे अमेरिकन मिशनऱ्यांचे केंद्र होते. इ. स. १८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून या मिशनऱ्यांना एक पत्र लिहिले. आपल्या पत्नीला उच्च शिक्षण देण्याची आपली इच्छा असून त्यासाठी अमेरिकेत जाण्याची काही सोय होईल काय, अशी त्यात विचारणा होती. हे पत्र रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर हे कोल्हापूरच्या मिशनचे संस्थापक; त्या वेळी ते अमेरिकेत परतून तेथे एक मासिक चालवीत होते. धर्मांतर केल्यास साहाय्य मिळू शकेल, असे त्यांनी सुचविले. गोपाळरावांना ती अट मान्य नव्हती. वाइल्डरांनी तो सारा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि प्रकरण तेथेच थांबले, असे वाटले.

पण छापलेला शब्द कोठे जाऊन पडेल, हे कोणी सांगावे! न्यू जर्सी प्रांतातील रोसेल या गावी थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई राहत. इ. स. १८८० मध्ये त्या दंतवैद्याकडे गेल्या असता आपली पाळी येईपर्यंत सहज म्हणून त्यांनी तेथील एक मासिक उघडले. त्यात हे कोल्हापूरचे पत्र होते. दूरच्या देशातील एका मुलीची शिकण्याची तळमळ वाचून त्या हेलावल्या आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या या दोन स्त्रियांमध्ये मावशी-भाचीचे नाते जडले. आनंदीबाईंची प्रकृती मुळातच नाजूक होती. डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांनी त्या वारंवार हैराण होत. तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही धाडली. कोल्हापुरात टपालात पडलेल्या एका पत्राने असे आनंदीबाईंसाठी अमेरिकेचे दार उघडले.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमधील श्रीरामपूर येथे झाली. आनंदीबाई अमेरिकेस एकट्याच जाणार, ही वार्ता पसरताच गहजब उडाला. स्वधर्मीयांना वाटले, ही बाई धर्म बुडविणार. काही परधर्मीयांना वाटले, धर्मांतर केल्यावाचून हिला परदेशात कोण थारा देणार? तेव्हा अठराव्या वर्षात असलेल्या आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात उभे राहून जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, एकटीनेच का जातो, जातीने वाळीत टाकले तर काय करू, अशा लोकांच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी शांतपणे उत्तर दिले. या देशाला स्त्री डॉक्टरांची निकड आहे. ती भागविण्यासाठी आपण जात आहोत. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी ठामपणे सांगितले. ज्या काळी स्त्रीने चारचौघांत मोठ्याने बोलणे हाच अपराध गणला जाई, त्या काळी हे भाषण झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते ऐकून आणि वाचून अनेकांचा विरोध मावळला, काहींनी आर्थिक मदतही केली. आनंदीबाईंनी स्वतःचे दागिने विकले आणि एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने प्रयाण केले. रजा न मिळाल्यामुळे गोपाळराव बरोबर जाऊ शकले नाहीत. ४ जून १८८३ रोजी त्या न्यू यॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांना घ्यावयास कार्पेंटरबाई उभ्या होत्या.

फिलाडेल्फिया शहरात स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होते. इ. स. १८५० मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय अशा प्रकारच्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक होय. प्रवेशासाठी केलेल्या अर्जात आनंदीबाईंनी आपल्या शिक्षणातील उणिवा प्रांजळपणे मान्य केल्या. मात्र आपल्या देशातील भगिनी पुरुष डॉक्टरचे साहाय्य घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी यासाठीच आपण येथवर आलो आहोत, हेही त्यांनी निक्षून लिहिले. संस्थेच्या प्रमुख रेचल बॉडली यांना या अर्जातील निश्चय भावला. प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

तेथील तीन वर्षे सोपी नव्हती. हाडे गोठविणारी थंडी, शाकाहारामुळे होणारी जेवणाची आबाळ, धुराने भरून जाणारी खोली आणि अखंड अभ्यास यांनी आधीच नाजूक असलेले शरीर पोखरून निघाले. तरीही त्यांनी आपला वेष सोडला नाही, आहार सोडला नाही आणि अभ्यासही सोडला नाही. त्यांच्याबरोबर महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या विद्यार्थिनीही होत्या. १८८५ साली काढलेले या तिघींचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. आशियाच्या तीन कोपऱ्यांतून आलेल्या या मुली एकाच ओढीने एका छताखाली जमल्या होत्या. कारण स्त्रियांच्या आजाराचा प्रश्न केवळ एका देशाचा नव्हता.

पदवीसाठी आनंदीबाईंनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयही लक्षात घेण्याजोगा आहे. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा तो विषय होय. आपल्या प्राचीन ग्रंथांत गर्भिणीचा आहारविहार, बाळंतिणीची निगा आणि बालकाचे संगोपन यांविषयी काय सांगितले आहे, याचा त्यांनी त्यात परामर्श घेतला. पाश्चात्त्य विद्या शिकण्यासाठी त्या गेल्या होत्या. परंतु ज्या घरांत त्या विद्येचा उपयोग करावयाचा, त्या घरांतील समजुती आणि रीती यांची जाण असल्यावाचून कोणतेही औषध पचनी पडणार नाही, हे त्या ओळखून होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टर ऑफ मेडिसिन ही पदवी प्रदान करण्यात आली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या आणि गोपाळरावही तेथे उपस्थित होते.

याच सुमारास हिंदुस्थानातही वारे बदलू लागले होते. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी एक निधी स्थापन झाला. मुंबईस १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. परंतु या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्री डॉक्टर बहुतेक परदेशातून आलेल्या असत. अशा वेळी एका संस्थानाने आपल्याच मातीतील स्त्रीला बोलवावे, ही गोष्ट लहान नव्हती. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज दत्तक म्हणून आले होते. पण ते अवघे बारा वर्षांचे असून राजकोटला शिक्षण घेत होते. राज्यकारभार दरबारचे अधिकारी पाहत. ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांचा विभाग आनंदीबाईंनी सांभाळावा, असे दरबारने त्यांना कळविले. आठ वर्षांपूर्वी ज्या गावातून मदतीची याचना करणारे पत्र निघाले होते, त्याच गावातून आता सन्मानाने बोलावणारे पत्र आले. आनंदीबाईंनी ते आनंदाने स्वीकारले. आपल्या देशात स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढावे, हे त्यांचे स्वप्न होते. कोल्हापूर ही त्या स्वप्नाची पहिली पायरी ठरणार होती.

पण शरीर साथ देईनासे झाले होते. खोकला, ताप आणि दिवसेंदिवस वाढणारा क्षीणपणा ही क्षयाची लक्षणे होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या परत निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोहोचल्या. लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. ज्यांनी पूर्वी नावे ठेवली होती त्यांनीही कौतुक केले. परंतु कोल्हापूरचा पदभार स्वीकारण्याइतके बळ त्यांच्या अंगी उरले नव्हते. उपचारासाठी त्यांना पुण्यास आणले. नामांकित वैद्यांचे उपाय झाले. गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, आनंदीबाईंची प्राणज्योत मालवली. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यात आली. न्यू यॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती जतन केलेली आहे.

आनंदीबाई ज्या रोगाने गेल्या त्याच्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. क्षयाचे जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडले होते. म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा या रोगाचे कारण सापडून वर्षच उलटले होते. परंतु कारण कळले म्हणून औषध लगेच हाती येते असे नाही. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडावयास १९४३ साल उजाडावे लागले. तोवर स्वच्छ हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न यांवाचून डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. आणि परदेशातील तीन वर्षांत नेमक्या याच गोष्टी आनंदीबाईंना पुरेशा लाभल्या नव्हत्या. आज क्षय योग्य औषधांनी बरा होतो, मात्र ती नेमाने आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी लागतात. जे ज्ञान आनंदीबाईंना वाचवू शकले नाही, ते आज गावच्या आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळते. ते न घेणे हा निष्काळजीपणा होय.

आनंदीबाईंच्या हातून एकाही रुग्णाची सेवा कोल्हापुरात घडली नाही. मग त्यांचे जीवन निष्फळ ठरले काय? तसे म्हणता येणार नाही. एक मराठी मुलगी हे करू शकते, हे एकदा सिद्ध झाल्यावर ‘हे होणे शक्य नाही’ असे म्हणण्याची सोय कोणाला उरली नाही. डॉक्टर रखमाबाई यांनी लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८९५ पासून सुरतेस व पुढे राजकोटला दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. कोल्हापुरातही एप्रिल १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यावर शाहू महाराजांनी स्त्रीशिक्षणास मनापासून उत्तेजन दिले. त्या काळी कोल्हापूरच्या मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्यांची कन्या कृष्णाबाई केळवकर हिला महाराजांनी वैद्यकीय शिक्षणासाठी साहाय्य केले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून कृष्णाबाई डॉक्टर झाल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या त्याच ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात रुजू झाल्या. आनंदीबाईंसाठी मांडलेली खुर्ची काही वर्षे रिकामी राहिली. पण अखेर कोल्हापूरच्याच लेकीने ती भरून काढली.

एखादा डॉक्टर एका रोग्याला बरे करतो तेव्हा एका घराचे भले होते. परंतु माणसे मुळात आजारी का पडतात, औषध असूनही ते त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही, त्यांच्या वाटेत लाज, अज्ञान, रूढी, अंतर आणि गरिबी यांपैकी कोणता अडसर आहे, याचा जो विचार करतो, तो साऱ्या समाजाचा वैद्य होय. यालाच सार्वजनिक आरोग्याचे कार्य म्हणतात. आनंदीबाईंनी पाहिलेला अडसर लाजेचा आणि रूढीचा होता; तो दूर करण्यासाठी त्यांनी स्वतःच वाट व्हावयाचे ठरविले. पुढे इ. स. १९७० मध्ये डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातील जामखेडच्या दुष्काळी भागात गावोगावच्या साध्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन आरोग्यसेविका बनविले. त्यांनी ओळखलेले मर्मही हेच होते, की घराच्या आत पोहोचावयाचे असेल तर त्या घरातील भाषा बोलणारी आणि त्या घराला आपली वाटणारी व्यक्तीच हवी. आज आपल्या गावात अंगणवाडीच्या ताई आणि ‘आशा’ कार्यकर्त्या दारोदार जाऊन गरोदर स्त्रियांची नोंद करतात, बालकांना लस टोचून घेण्याची आठवण देतात आणि बाळंतपण रुग्णालयात व्हावे म्हणून आग्रह धरतात. आपण बहुधा त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाही. पण आनंदीबाई ज्या कामासाठी सातासमुद्रांपलीकडे गेल्या, त्याच कामाचा एकेक भाग या स्त्रिया रोज पायी हिंडून पुरा करीत असतात.

कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्याची जुनी दगडी इमारत आजही उभी आहे. तिच्या आवारात एखाद्या सकाळी नवजात बाळाला पोटाशी धरून एखादी आई घरी निघालेली दिसते. बाळ सुखरूप आहे, आई सुखरूप आहे, सासू रिक्षावाल्याला सावकाश हाकण्यास बजावते आहे. त्या आईला आनंदीबाईंचे नाव ठाऊक असेलच असे नाही. पण एका चौदा वर्षांच्या आईच्या मांडीवरून दहा दिवसांचे मूल उठून गेले आणि ते दुःख तिने स्वतःपुरते ठेवले नाही, म्हणून आजची ही सकाळ थोडी सोपी झाली आहे. मोठ्या कार्याचे फळ ते करणाऱ्यालाच चाखावयास मिळते असे नाही. ते ज्यांना मिळते, त्यांनी ते कोणाच्या श्रमाचे आहे हे विसरू नये आणि आपल्या वाट्याचे काम पुढे न्यावे, हीच आनंदीबाईंची खरी स्मृती होय.

अभ्यास

१. ‘दवाखान्याचे दार उघडे असून निम्म्या समाजाला ते बंद असल्यासारखेच होते,’ असे लेखात का म्हटले आहे?

२. कोल्हापूरहून निघालेल्या पत्राचा प्रवास तुमच्या शब्दांत सांगा.

३. श्रीरामपूरच्या भाषणातून आनंदीबाईंच्या स्वभावाचे कोणते गुण दिसतात?

४. एका रोग्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि समाजाचा वैद्य यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

५. तुमच्या गावातील आशा कार्यकर्तीला किंवा अंगणवाडीच्या ताईंना भेटून त्यांच्या एका दिवसाच्या कामाचे वर्णन पंधरा ओळींत लिहा.